पुराच्या होडीसाठी आउटबोर्ड यंत्र व इंधनाची निवड

उल्हासनगर कॅम्प ५ पासून अंबरनाथ व बदलापूरमार्गे वांगणीपर्यंतचा पट्टा लोहमार्गाने मोजल्यास सुमारे वीस किलोमीटरांचा आहे. एवढ्या अंतरात पुराचे दोन अगदी भिन्न प्रकार पाहावयास मिळतात. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरातून निघून प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगरच्या दाट वस्तीत शिरते व पुढे कल्याणजवळ खाडीच्या बाजूस जाऊन मिळते. ती अरुंद असून तिचे पाणी थोड्या वेळात चढते व थोड्या वेळात उतरते. उल्हास नदीचे तसे नाही. कर्जतच्या वरच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस तीत उतरतो, बदलापूरच्या खाली बारवीचे पाणी तिला येऊन मिळते आणि कल्याणच्या खाडीस भरती असेल तर हे सर्व पाणी तुंबून भाताच्या खाचरांवर दूरवर पसरते व तासन् तास राहते.

दिनांक २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत या पट्ट्याने दोन्ही प्रकारचे पूर एकाच वेळी अनुभवले. त्यानंतर २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान चामटोली गावाजवळ पुराच्या पाण्यात अडकून पडली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व इतर पथके यंत्राच्या होड्या घेऊन आली व दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. परंतु गाडी थांबली ती पहाटेच्या अंधारात, आणि पथके येऊन पोहोचेपर्यंत सकाळ बरीच वर आली होती. मधल्या वेळात प्रवाशांना आधार होता तो काठच्या ग्रामस्थांचाच. ज्या गावाचा पाडा दर चार-पाच वर्षांनी पाण्याने वेढला जातो, त्या गावाने आपली एक होडी व तिला एक लहान यंत्र ठेवावे, असा विचार त्यामुळे अनेक ठिकाणी होऊ लागल्यास नवल नाही. विचार योग्य आहे. मात्र यंत्र खरेदी करताना सामान्यतः पहिला प्रश्न विचारला जातो तो अश्वशक्तीचा, आणि चूक तेथूनच सुरू होते. गावच्या होडीसाठी पहिला प्रश्न इंधनाचा असला पाहिजे.

होडी कोठे चालवावयाची?

वालधुनीच्या काठी, गल्लीबोळांत भरलेल्या पाण्यात आउटबोर्ड यंत्राचा फारसा उपयोग नाही. पाणी कंबरेइतके, खाली उघडी गटारे, वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, आणि पाण्यावर प्लास्टिक व चिंध्यांचा थर. अशा ठिकाणी हलकी सपाट बुडाची होडी, दोन लांब बांबू आणि एक भक्कम दोर पुरेसा होतो. यंत्राचा पंखा तेथे पाच मिनिटांत चिंध्यांनी जखडतो. प्रस्तुत लेखातील विवेचन यास्तव उल्हास नदीच्या पसरट पुरासाठी आहे, असे समजावे.

तेथेही एक मर्यादा प्रथम ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कोणतीही भरलेली साधी होडी पाणी कापीत जाते तेव्हा तिच्या वेगास तिच्या लांबीमुळे मर्यादा पडते. होडीची पाण्याशी टेकलेली लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे व त्यास अडीचने गुणावे, म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये ही मर्यादा ढोबळ मानाने मिळते. सोळा फुटी होडीचे वर्गमूळ चार, म्हणून वेग ताशी दहा किलोमीटर. याहून मोठे यंत्र लावले तर होडीची नाळ वर उठते, मागील भाग खाली बसतो, लाटा मोठ्या उठतात, इंधन जळते. वेग फारसा वाढत नाही. हलकी होडी दोघांनाच घेऊन पाण्यावरून घसरत जाऊ शकते, परंतु सहा-आठ माणसे बसल्यावर तिचे घसरणे संपते.

आता नदीकडे पाहू. मुख्य धारेत पुराचे पाणी सेकंदास तीन मीटर धावत असेल, तर तो वेग ताशी जवळजवळ अकरा किलोमीटर होतो. म्हणजे ताशी दहा किलोमीटरची होडी उलट प्रवाहात पूर्ण जोराने चालविली तरी ती मागेच सरकेल. सबब गावची होडी ही नदी ओलांडण्याचे साधन नव्हे. खाचरांवर पसरलेल्या, संथ वाहणाऱ्या पाण्यातून पाड्यावरील माणसे उंचवट्यावर आणणे एवढेच तिचे काम. हे काम महत्त्वाचे आहे व बहुतेक वेळा तेवढेच आवश्यक असते. मुख्य धारेतील बचाव प्रशिक्षित पथकांवरच सोपवावा. त्यांची यंत्रे मोठी असतात, चालक शिकलेले असतात व इंधनाचा पुरवठा त्यांच्या वाहनातून बरोबर येतो. त्यांचे यंत्र पाहून गावाने आपले यंत्र ठरवू नये.

इंधन किती ठेवता येते?

पेट्रोल हे अत्यंत ज्वालाग्राही वर्गातील इंधन आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले असे इंधन परवान्यावाचून जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता येते, आणि तेही घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या धातूच्या डब्यात. घरगुती प्लास्टिकच्या डब्यात ते साठवू नये. तेव्हा पुराच्या रात्री, रस्ता बंद व पेट्रोल पंप पाण्याच्या पलीकडे असताना, गावापाशी जास्तीत जास्त ३० लिटर इंधन आहे असे धरूनच हिशेब करावा लागतो. त्यातील एक तृतीयांश, म्हणजे १० लिटर, राखीव समजावे. उरले २० लिटर.

आता दोन यंत्रांची तुलना करून पाहावी. कार्बुरेटरचे दोन-स्ट्रोक यंत्र पूर्ण जोरावर दर अश्वशक्तीस ताशी सुमारे अर्धा लिटर इंधन घेते. चार-स्ट्रोक यंत्रास सुमारे एक तृतीयांश लिटर किंवा थोडे अधिक लागते. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे, त्याच कामासाठी साधारण सात टक्के इंधन जास्त लागते. हे सर्व धरून २५ अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक यंत्र पूर्ण जोरावर तासास सुमारे १३ लिटर जाळील, तर १० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक यंत्र सुमारे पावणेचार लिटर. पहिल्याचे २० लिटर दीड तासात संपतील; दुसऱ्याचे सव्वापाच तास पुरतील. पाडा दोन किलोमीटरवर असून जाण्यायेण्यास अर्धा तास लागत असेल व माणसे चढता-उतरताना यंत्र बंद ठेवले जात असेल, तर मोठ्या यंत्राने तीन फेऱ्या होतील आणि लहान यंत्राने दहा. फेरीस सहा माणसे याप्रमाणे हा फरक अठरा व साठ माणसांचा आहे.

मोठे यंत्र मंद चालविले तर इंधन कमी लागेल, असे यावर कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु मंद गतीत दोन-स्ट्रोक यंत्राचे पुष्कळसे इंधन न जळताच बाहेर पडते, प्लग काजळतात, आणि अर्ध्या शक्तीने चालवावयाचे यंत्र अधिक पैसे देऊन घेण्यात व अधिक वजन मागील फळीवर लादण्यात लाभ तो कोणता? संथ पाण्यात एकूण एक टन वजनाच्या होडीस तिच्या मर्यादेच्या वेगापर्यंत नेण्यास चार ते पाच अश्वशक्ती पुरतात. समोरचा वारा, थोडा प्रवाह व पावसाचे साठलेले पाणी यांसाठी तेवढीच आणखी धरावी. सोळा फुटी, सहा प्रवासी व दोन चालक यांच्या होडीस म्हणून १० अश्वशक्ती योग्य, आणि १५ ही वरची मर्यादा होय.

दोन-स्ट्रोक की चार-स्ट्रोक?

दोन-स्ट्रोक यंत्राचे गुण नाकारता येत नाहीत. ते हलके असते, त्याची रचना साधी असते, ते कोणत्याही कुशीवर ठेवता येते आणि पाण्यात बुडाले तर दुरुस्तीस तुलनेने सोपे जाते. चार-स्ट्रोक यंत्रात तेलाचा वेगळा साठा असल्यामुळे ते निर्मात्याने दाखविलेल्या बाजूवरच आडवे करावे लागते. नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरते.

तथापि गावच्या होडीसाठी निर्णय करणारी बाब वेगळीच आहे. बहुतेक दोन-स्ट्रोक यंत्रांच्या पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळावे लागते. पन्नासास एक हे प्रमाण असल्यास लिटरास २० मिलिलिटर. पुराच्या रात्री, कंदिलाच्या उजेडात व आरडाओरड्यात ही मोजणी चुकणे सहज शक्य असते. आणि तेलाशिवाय पेट्रोल पडले तर यंत्र थोड्याच वेळात जाम होऊन कायमचे निकामी होते. चार-स्ट्रोक यंत्रास मिश्रण लागत नाही. आज लहानशा पाड्यावरही मोटारसायकली आहेत व प्रत्येकीच्या टाकीत काही लिटर ताजे पेट्रोल असते. ते सरळ होडीच्या टाकीत घालता येते. दहा मोटारसायकली म्हणजे गावात विखुरलेला, दर आठवड्यास आपोआप नवा होणारा, कायद्यात बसणारा इंधनसाठाच होय. त्याचा लाभ चार-स्ट्रोक यंत्रालाच घेता येतो. पेट्रोल काढताना गाडी बंद व थंड असावी, काम उघड्यावर करावे, जवळ कंदील वा विडी नसावी, आणि नळी तोंडाने ओढण्याची सवय मुळीच ठेवू नये.

रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड यंत्रे केरळच्या किनाऱ्यावर मासेमारीसाठी वापरली जातात. ती पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर न्यावी लागतात व बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावी लागतात. समुद्रात तासन् तास एका गतीने जाणाऱ्या होडीस हे परवडते. दर घराच्या दारात थांबणाऱ्या होडीस नाही. डिझेलची आउटबोर्ड यंत्रे जड व महाग. विजेचे यंत्र शांत व निगेस सोपे असून बंधाऱ्याच्या स्थिर पाण्यात उत्तम चालते, पण पुरात वीज गेल्यावर बॅटरी पुन्हा भरावयाची कशी, हा प्रश्न उरतोच.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल व पाणी

जुन्या काळच्या पेट्रोलात पाणी शिरले तर ते तळाशी वेगळे बसत असे व निथळून टाकता येई. इथेनॉलचा स्वभाव निराळा आहे. ते हवेतील दमट वाफ शोषून घेते व काही प्रमाणात पाणी पेट्रोलात मिसळलेले ठेवते. परंतु पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात व तळाशी बसतात. टाकीतून इंधन ओढणारी नळी नेमकी तळाशीच असते. दोरी कितीही ओढली तरी यंत्र सुरू होत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच. जून महिन्यात उघड्या झडपेच्या अर्धवट भरलेल्या टाकीत हा प्रकार लवकर घडतो.

बहुतेक आउटबोर्ड यंत्रांच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते. म्हणून खरेदी करताना त्या विशिष्ट यंत्रास २० टक्के मिश्रण चालते काय, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. चालत नसल्यास जुनी रबरी नळी, दाबाचा फुगा व कार्बुरेटरमधील रबरी भाग हे आधी खराब होतात. पुरातील काही तासांच्या वापरापेक्षा पुढील आठ महिने तेच पेट्रोल यंत्रात साचून राहणे अधिक घातक ठरते. म्हणून काम संपल्यावर नळी काढून यंत्र थोडा वेळ चालू ठेवावे व ते आपोआप बंद पडले की कार्बुरेटरच्या वाटीचा तळस्क्रू सोडून उरलेले थेंबही काढावेत. ज्या यंत्रात इंधन पंपाने सोडले जाते, त्याबाबत मात्र पुस्तिकेप्रमाणे वागावे. टाकी व यंत्र यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारी गाळणी बसवून घ्यावी. तिची किंमत यंत्राच्या मानाने अगदी अल्प आहे, आणि तिच्याविना यंत्र घेणे म्हणजे कुलपाविना दार घेण्यासारखे आहे.

डब्यातील पेट्रोल पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी एखाद्या मोटारसायकलीत वापरून टाकावे व नवे भरावे. टाकी होडीत ठेवून भरू नये. जमिनीवर ठेवून भरावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या बुडाशी साचून राहते आणि एका ठिणगीने पेट घेते. यंत्र चालू असताना टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा असल्याची खात्री करावी. तो बंद राहिला तर यंत्र दहा मिनिटे नीट चालते व मग घुसमटून थांबते. आणि चालक बिचारा प्लग तपासत बसतो.

दांड्याची लांबी, पंखा व इतर भाग

यंत्र ज्या मागील फळीवर टांगावयाचे तिची उंची खरेदीपूर्वी मोजावी. सुमारे १५ इंच उंचीस आखूड दांडा व २० इंच उंचीस लांब दांडा घ्यावा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या पातळीत किंवा त्याखाली एक इंचापर्यंत यावी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढून नुसता फिरतो. फार खाली गेली तर बांध, खुंट व तारेच्या कुंपणावर आदळतो. खाचरांतून जावयाचे असल्याने शक्य तर फळी आखूड दांड्याजोगीच करून घ्यावी.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा, दुसरा चालीचा. लाकडात शिरणारा स्क्रू एका फेऱ्यात जेवढा पुढे जातो, तशीच पंख्याची चाल समजावी. भरल्या होडीस कमी चालीचा पंखा हवा. परीक्षा सोपी आहे. होडीत सहा माणसांऐवजी तेवढ्या वजनाची वाळूची पोती घालून पूर्ण जोर द्यावा. यंत्राचे मिनिटाचे फेरे निर्मात्याने दिलेल्या मर्यादेपर्यंत चढले नाहीत, तर चाल जास्त आहे. विक्रेत्याकडे फेरे मोजण्याचे साधन असते. ही परीक्षा करून दिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

पुष्कळ लहान यंत्रांत पंखा एका मऊ पिनेवर बसविलेला असतो. पंखा दगडावर आदळला की पिन तुटते व आतील दाते वाचतात. उल्हासनगरच्या लहान कारखान्यांत लेथवर वाटेल तो भाग हुबेहूब घडवून मिळतो, असा त्या शहराचा लौकिक आहे व तो बराचसा यथार्थही आहे. परंतु ही पिन टिकाऊ पोलादाची करून घेणे किंवा तिच्या जागी खिळा ठोकणे यात शहाणपण नाही, कारण न तुटणारी पिन दाते तोडते. मूळ पिना सहा, प्लग दोन, पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र एक व सुरू करण्याची दोरी एक, एवढे सुटे भाग यंत्राबरोबरच घ्यावेत. त्यांना बसणारी हत्यारे पेटीत बांधून ठेवावीत, म्हणजे ऐन वेळी कोणाच्या घरी पाना आहे याची चौकशी करावी लागणार नाही.

उल्हास नदीत अलीकडच्या वर्षांत जलपर्णी फार माजली असून पुरात तिचे तराफेच्या तराफे वाहत येतात. यंत्र नदीचेच पाणी ओढून थंड राहते. जलपर्णी किंवा भाताचा पेंढा त्या भोकांवर बसला की यंत्र तापते. यंत्राच्या मागून बारीक धार सतत पडत असते. चालकाने पुढे पाहावे, पण मिनिटास एकदा त्या धारेकडेही पाहावे. धार थांबताच यंत्र बंद करून वर उचलावे व भोके साफ करावीत. पाण्यातील माणसाजवळ जाताना यंत्र बंद केल्याखेरीज त्यास वर घेऊ नये. आणीबाणीत यंत्र थांबविणारी दोरी चालकाच्या मनगटास बांधलेली असावी. दोन वल्ही, लांब बांबू, दोर, पाणी उपसण्याचे भांडे व प्रत्येकास एक तरंगते जाकीट होडीत असल्याशिवाय यंत्राची दोरी ओढूच नये. गुरे होडीत घेण्याचा मोह टाळावा. म्हैस होडी उलटविते, पण दावे वेळीच सोडले तर स्वतः पोहून उंचवटा गाठते.

निगा व जबाबदारी

यांत्रिक होडीच्या नोंदणीबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, आणि पुराच्या काळात डब्यातून पेट्रोल मिळण्याबाबत तहसील कार्यालय व जवळचा पंप यांच्याकडे मे महिन्यातच विचारणा करून ठेवावी. ग्रामकार्यकर्त्यांनी दोन चालक व दोन बदली चालक नेमून त्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत.

पाण्याच्या पंपातील रबरी चक्र वर्षभर न फिरता बसले की त्याची पाती वाकलेल्या स्थितीतच कडक होतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दर रविवारी यंत्र पाण्याने भरलेल्या पिंपात दहा मिनिटे चालवावे. पिंपातील पाणी भोकांच्या वर असावे. कोरडे यंत्र अर्धा मिनिटही चालवू नये. पुराचे पाणी, विशेषतः कारखान्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेले वालधुनीच्या बाजूचे पाणी, यंत्रात राहू दिल्यास ॲल्युमिनियम खाल्ले जाते. त्याच दिवशी पिंपात स्वच्छ पाणी घेऊन यंत्र धुवावे. पावसाळा संपल्यावर होडी नुसती उपडी ठेवण्यापेक्षा पलीकडच्या काठावरील वैरण आणणे, बंधाऱ्यावरील जलपर्णी ओढणे अशा कामांस महिन्यातून एकदा तरी लावावी आणि प्रत्येक खेपेस किती लिटर जळले ते होडीच्या वहीत लिहावे. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून त्या होडीचा, त्या यंत्राचा व त्या चालकाचा खरा खप कळतो. वर दिलेले ढोबळ आकडे खोडून पुढील पावसाळ्याचा हिशेब त्या खपावर करावा.